हरळी वाचवायचं औषध

आमच्या गावच्या विहारापुढे एक लहानसं मैदान आहे, आणि त्या मैदानावरचं गवत मी मारलं. मुद्दाम नाही, पण मारलं मीच. राजुऱ्याहून कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच विहार आहे, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघतो. दुसऱ्या लोकांची लाज घरात झाकलेली असते. माझी उघड्यावर पसरली आहे, तारेच्या कुंपणाच्या आत.

मी बसवर कंडक्टर होतो. सगळी नोकरी याच भागात गेली, त्यामुळे माणसांवर ओरडणं हा माझा धंदाच झाला. पुढे सरका, दारात उभे राहू नका, सुट्टे काढा. रिटायर झालो तरी आवाज काही खाली आला नाही. बायको म्हणते, "घरात माणसं दोन, अन् तुमी बोलता भरल्या गाडीत बोलल्यावानी." विहाराच्या कमिटीत मला घेतलं तेही या आवाजामुळेच असावं. पंगतीला लोक बसवायचे तर एक ओरडणारा माणूस लागतोच.

ते गवत माझ्या वहिनीनं लावलेलं. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आमची आई लवकर गेली, तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझं डबा-पाणी, दुखणं-खुपणं सगळं वहिनीनंच केलं. विहार बांधून झाला तेव्हा पुढे नुसता मुरूम होता. उन्हाळ्यात पाय भाजायचे, पावसात चिखल आत यायचा. वहिनीनं ठरवलं, इथं गवत लावायचं. निंदायला जाणाऱ्या बायांना तिनं सांगितलं, येताना आपापल्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हरळी मुळासकट उपटून आणा.

हरळी म्हणजे काय चीज आहे, हे कापसाच्या भागात राहणाऱ्यालाच कळतं. आमच्याकडची ती एक नंबरची दुश्मन. उपटली तर तुटते, आणि तुटली की जितके तुकडे तितक्या जागी फुटते. बायांची अर्धी जिंदगी ती काढण्यात जाते. आणि आता याच बाया संध्याकाळी तीच हरळी टोपल्यात घालून, डोक्यावर घेऊन गावातून येऊ लागल्या. लोकांना आयतीच मजा मिळाली. पानठेल्यावरचे बुढे ओरडायचे, "अवो, वावरातली काढाची अन् गावात लावाची? डोस्कं फिरलं का तुमचं?" बाया हसायच्या आणि पुढे जायच्या.

माझा भाऊ कोळशाच्या खाणीत होता. ड्युटीवरून आला की हातातोंडाचं काळं न पुसता दोन कॅन सायकलला अडकवून गवताला पाणी घालायला निघायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात जिथं माणसाला आंघोळीची मारामार, तिथं हा गवताला पाणी घालतो म्हटल्यावर त्यालाही लोक सोडतील का? एकदा माझ्याच गाडीतले दोघं खिडकीतून बोट दाखवून हसत होते, "पाहा रे बाप्पा, गवताले पाणी घालून राह्यला!" मी टिकट, टिकट करत मागे सरकलो.

भाऊ चार-पाच वर्षांमागे गेला. गवत मात्र असं धरलं होतं की पाय ठेवला तर बुडायचा. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचन झालं की बाया त्या गवतावर बसून गप्पा मारायच्या, लहान पोरं लोळायची. वहिनी नेहमी एकाच जागी बसायची, नंतर बसवलेल्या नळाच्या जवळ, जिथून भाऊ पाणी घालायला सुरुवात करायचा.

यंदाच्या पावसाळ्यात वहिनीनं सांगितलं की आता ती मुलीकडे आलापल्लीला राहायला जाणार. गुडघे गेले होते, एकटीनं घर होत नव्हतं, आणि जावई माणूस चांगला, तो सारखा बोलवत होता. पण जाण्याआधी, वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला, तिला गावाला भोजनदान द्यायचं होतं, भावाच्या नावानं.

मला म्हणाली, "भाऊजी, मांडव नको, सतरंजी नको. पंगत गवतावरच बसली पायजे. त्यायनं वाढवलेल्या गवतावर. मंग मी सुखानं जातो."

एवढंच मागणं होतं तिचं. त्या बाईनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आता अडचण अशी होती की यंदा गवतात दुसरंच रान माजलं होतं. तरोटा, गाजर गवत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोखरू. गोखरूचा काटा बुडाखाली आला तर माणूस पंगत सोडून उभा राहील. दरवर्षी बायाच हातानं ते काढायच्या, पण यंदा पावसानं मध्ये खंड दिला आणि मग सगळ्यांची निंदणं एकदम आली. बाया सकाळी वावरात जायच्या त्या दिवे लागताना परत यायच्या. तरी वहिनी म्हणाली, "बैलपोयाच्या आसपास सवड भेटन, तवा काढून टाकू."

मी म्हणालो, "हातानं कशाले? जमाना कुठी गेला अन् तुमी कुठी आहा! आता औषधं निघाली. जे ठेवाचं ते ठेवते, बाकीचं मारते. मी पाहून घेतो."

"औषध नका मारू भाऊजी. गवत नाजूक राह्यते."

"वहिनी, तुमी गुडघे सांभाळा. मले शिकवू नका."

असं बोललो मी. जिच्या हातची भाकर खाऊन मोठा झालो, तिच्याशी.

राजुऱ्याच्या एका कृषी केंद्रात गेलो. दिवस फवारणीचे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. समोर सगळे कास्तकार, हातात पिशव्या, कोणाच्या पंपाचा नोझल बिघडलेला, कोणाच्या कपाशीवर मावा. निम्मे लोक मला ओळखणारे, माझ्या गाडीतून बसलेले. माझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "तणनाशक द्या. असं द्या का पीक राह्यलं पायजे अन् तण मेलं पायजे."

दुकानदारानं विचारलं, "पीक कोणतं?"

काय सांगू? गवत? गवत वाचवायचं औषध द्या म्हणू? हरळी मारायला आलेल्या इतक्या लोकांच्या मध्ये उभा राहून, मला हरळी जगवायची आहे म्हणू? पानठेल्यावरचे सगळे बुढे एकदम माझ्या कानात हसायला लागले. कान तापले माझे. मी म्हणालो, "कापूस."

मागून एक ओळखीचा बोललाच, "काय कंडक्टर, कधीपासून कास्तकार झाले?"

"ठेक्यानं केलं यंदा," मी म्हणालो. एकदा तोंडातून खोटं निघालं की पुढचं आपोआप येतं, त्याला काही मेहनत पडत नाही.

दुकानदारानं बाटली पुढे केली. "एक नंबर आहे. कपाशीच्या पानाले धक्का लागणार नाई." मी बाटली पिशवीत टाकली आणि निघालो. बाटलीबरोबर घडी घातलेला एक कागद होता. तो उघडलाही नाही. सगळी नोकरी लोकांना सांगत आलो, बोर्ड वाचा न भाऊ, बोर्ड वाचून गाडीत चढा. आणि स्वतः वाचला नाही.

शेजाऱ्याचा पंप आणला. दुपारची वेळ, पाऊस आठवडाभर नाही, ऊन असं की डोळे मिटावे लागत होते. वहिनी काठी टेकत कुंपणापर्यंत आली. मी झाकणानं माप घेत होतो, आणि वर आणखी एक झाकण टाकलं, जरा झोंबू दे म्हणून.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, एका कोपऱ्यात मारून पाहा न पयले. चार-आठ रोज वाट पाहू. मंग मारा सगळ्याले."

"कोपरा कोपरा करत बसलो तर दिवाळी येईन," मी म्हणालो आणि पंप पाठीवर घेतला. नळापासून सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक वीत जागा सुटू दिली नाही. अभिमान वाटत होता, खरं सांगतो. घरी येऊन बायकोला म्हणालो, "पाहशीन, एक काटा दिसणार नाई."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग हरळीचा रंग उतरला. पाती आधी फिकट झाली, मग जांभळट. संध्याकाळी वाचनाला आलेल्या बायांनी बघितलं. एक म्हणाली, "भाऊ, गवतच पिवळं पडून राह्यलं न."

"औषध काम करून राह्यलं," मी म्हणालो. "पयले सगळंच पिवळं पडते, मंग जे चांगलं ते उठते."

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मी तिथल्या तिथं बनवलं. आवाज मोठा असला की लोकांना खरं वाटतं, आणि थोड्या वेळानं आपल्यालाही वाटायला लागतं.

पण तरोटा काही पिवळा पडेना. गाजर गवताला फुलं आली. गोखरू तर असा पसरला की जणू त्याच्यासाठीच जागा मोकळी करून दिली होती. मधे मधे त्याची पिवळी फुलं, आणि खाली हरळी वाळून चटईसारखी. मी वाकून एक काडी ओढली. मधली सुरळी अलगद हातात आली, खालून सडलेली.

वाळलेल्या गवताचा गठ्ठा पिशवीत घालून मी परत त्या दुकानात गेलो. गर्दी ओसरली होती. दुकानदारानं गठ्ठा हातात घेतला, बघितला आणि म्हणाला, "हे तर बरोबर मेलं. हरळी आहे न? कापसाच्या औषधानं मरतेच."

मी म्हणालो, "ही वाचवाची होती."

मग त्यानं समजावलं, हळू आवाजात, पोराला समजावतात तसं. कपाशीचं पान रुंद, म्हणून तिचं औषध रुंद पानाला सोडतं आणि बारीक पानाचं गवत खातं. मी घातलं ते गवतावर. त्यानं गवत खाल्लं, आणि रुंद पानाचा तरोटा, गाजर गवत, गोखरू कपाशी समजून सोडून दिलं. लॉनसाठी दुसरं औषध असतं, ते बरोबर उलटं काम करतं. तेही मोजून घालायचं, ऊन नसताना, जमिनीत ओल असताना, आणि आधी एका कोपऱ्यात घालून बघायचं. जास्त झालं तर तेही गवताला जाळतं.

"तुमी लॉन म्हणाचं होतं भाऊ," तो म्हणाला. "तिथी त्या फळीवर आहे. सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतले माळी नेहमीच नेतात."

फळीवर होतं. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. कोणी हसलंही नसतं.

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो, आणि स्टँडवर बराच वेळ असाच बसून राहिलो.

गावात आलो तर बायांनी घेरलं. काय म्हणाला दुकानदार? मी म्हणालो, "औषधच तसं निघालं." एवढंच. पण एवढं पुरलं. एक बाई म्हणाली, "म्हणजे फसवलं का त्यानं? चला, जाऊन विचारू त्याले, आमी येतो सगळ्या!" मी म्हणालो, "जाऊ द्या, आता काय उपयोग." त्या दिवसापासून तो दुकानदार गावात चोर झाला. कोणी त्याच्याकडे जायचं म्हटलं की दुसरा सांगायचा, तिथी नको जाऊ, विहाराचं गवत मारलं त्यानं. मी ऐकायचो. एरवी उठताबसता बोलणारा मी, तेव्हा मात्र चपलेचा अंगठा बघत बसायचो. थू माझ्या जिंदगीवर.

पौर्णिमा जवळ आली. मी वहिनीला म्हणालो, "ताडपत्री टाकतो. नाहीतर शाळेच्या वरांड्यात पंगत बसवू." तिनं मैदानाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "नाई. इथीच बसतील." आदल्या दिवशी तिनं बायांना गोळा केलं आणि काठी बाजूला ठेवून, बुडावर सरकत सरकत, गोखरू हातानं काढायला लागली. मीही बसलो. माझ्या हाताला काटे लागले, रक्त आलं, आणि मला बरं वाटलं. खाली मेलेली हरळी तेवढी राहिली.

पौर्णिमेला सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत आला. वंदना झाली, भावाचं नाव घेतलं गेलं, आणि पंगत बसायची वेळ आली. लोक कुंपणाशी थबकले. दरवर्षी हिरव्या गवतावर बसणारी माणसं ती, पुढे काय बघत होती तर वाळकं खळं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण बसा, सरकून बसा, असं ओरडायचं काम माझं. माझ्या तोंडातून आवाज निघेना. शेवटी वहिनीच पुढे झाली, नळाजवळच्या आपल्या जागी बसली आणि म्हणाली, "बसा वो बाया. बसा भाऊ. टोचणार नाई, काटे काढले आहे."

लोक बसले. खीर वाढली, वांग्याची भाजी वाढली, पोळ्या वाढल्या. कोणी मला एक शब्द बोललं नाही. एरवी मीठ कमी पडलं तरी माझी टिंगल करणारे लोक, त्या दिवशी सगळे खाली मान घालून जेवत होते. जेवून उठले तेव्हा सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांना मागून वाळलेलं गवत चिकटलेलं होतं. बाया एकमेकींचे पदर झटकत होत्या. ते काही लवकर निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला आलापल्लीच्या गाडीत बसवायला मी राजुऱ्याला गेलो. ओळखीचा कंडक्टर होता, खिडकीची जागा धरून दिली. तिची पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली. कालचीच पांढरी साडी होती अंगावर, आणि पाठीवर अजूनही दोन-तीन काड्या अडकलेल्या होत्या. मला झटकाव्या वाटल्या, पण हात पुढे गेला नाही. मी खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो.

ती म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? दुकानात तुमी काय म्हणून मागतलं होतं?"

इतके दिवस कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "कापसासाठी."

"काऊन?"

स्टँडवर पोरं शेंगदाणे विकत होती, मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"गवत म्हणाले लाज वाटली का?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"हो वहिनी."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "त्यायले कधी नाई वाटली. सगळा गाव हसे, पर त्यायले कधी नाई वाटली."

कंडक्टरनं घंटी मारली. आयुष्यभर मी अशी घंटी मारली, पण ती अशी छातीत कधी लागली नव्हती. गाडी निघाली, आणि मी तिथंच रडलो, स्टँडवर, भर गर्दीत.

त्याच संध्याकाळी विहारात बाया भांडी घासत होत्या, त्यांना मी सांगितलं, की दुकानदाराची काही चूक नाही, मीच कापूस म्हणालो होतो, गवत म्हणायला लाजलो. आधी त्यांना कळलंच नाही. मग एक हसायला लागली, आणि मग सगळ्याच. "माय वो! कंडक्टर भाऊ लाजले!" हसून हसून त्यांच्या हातातली भांडी पडली. जे होईल या भीतीनं मी दुकानात खोटं बोललो होतो, तेच झालं. फक्त आता गवत मेलेलं होतं.

आता मी रोज संध्याकाळी नळाला पाइप लावून त्या मैदानाला पाणी घालतो. नळापासून सुरुवात करतो. कुठं कुठं मुळाशी थोडं हिरवं दिसतं, पण ती हरळी आहे का दुसरंच काही, अजून सांगता येत नाही. वहिनीचा फोन येतो, ती जेवण-खाणं विचारते, गवताचं विचारत नाही. मीही काढत नाही.

परवा कोरपन्याची गाडी विहारासमोर हळू झाली. दारात उभा असलेला पोरगेलासा कंडक्टर मला बघून ओरडला, "काय काका, वाळल्या गवताले पाणी घालून राह्यले का?" गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून हसली. माझे कान तापले, अगदी दुकानात तापले होते तसेच. मी पाइप हातातच धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो, "हो. गवताले."